आशा भूतकाळात जाते तेव्हा

वचनपाठ : लूक २४:१३-३५, यिर्मया २९:४-१४, रोमकरांस पत्र ५:१-५





आजचा पाठ लिहिण्यामागे एक कारण आहे. ते आधी सांगतो. ज्या कुटुंबाविषयी लिहीत आहे त्यांची परवानगी मी घेतली आहे. नावे देत नाही.

काही महिन्यांपूर्वी रविवारची मिस्सा संपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक वडील आपल्या मुलाला घेऊन आवारात थांबले होते. मुलगा तीन वर्षांपासून पोलीस भरतीची तयारी करीत होता. पहाटे चारला उठून धावणे, दिवसा शेतातले काम, रात्री लेखी परीक्षेचा अभ्यास. घरच्यांनी क्लासच्या फीसाठी कर्ज काढले होते. आईने नोव्हेना धरली होती. तिसऱ्या वेळीही यादीत नाव आले नाही. थोड्या गुणांनी गेले. वडील मला म्हणाले, "फादरजी, देवाजवळ एवढं मागतलं. ऐकलं कुठं?" मुलगा बाजूला उभा होता. मान खाली, हातात मोटारसायकलची किल्ली.

मला दुसऱ्या गावी मिस्सेला जायचे होते. मी घाईत मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "देवाने तुझ्यासाठी याहून चांगले काहीतरी ठेवले असेल." एवढे बोलून निघालो. त्यानंतर कित्येक रविवार तो मुलगा चर्चमध्ये दिसला नाही.

मी जे म्हटले ते अगदीच चुकीचे होते असे नाही. पण ते मला ठाऊक नव्हते. ठाऊक नसलेली गोष्ट मी देवाच्या नावाने सांगून टाकली आणि त्या मुलाच्या दुःखातून स्वतःची सुटका करून घेतली. त्या दिवशी मी त्याला काय सांगायला हवे होते, त्याचा हा पाठ आहे. तो माझ्यासाठीही आहे.

१. अपेक्षा वेगळी, आशा वेगळी

आपण बोलताना 'आशा' आणि 'अपेक्षा' हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. पाऊस पडेल अशी आशा, नोकरी लागेल अशी आशा, धानाला भाव मिळेल अशी आशा. पण ख्रिस्तसभा आशेला श्रद्धा आणि प्रीती यांच्या पंगतीत बसवते. ती नुसती चांगल्याची वाट पाहणे असती तर तिला एवढा मान मिळाला नसता.

तेराव्या शतकातील थोर ईशज्ञानी संत थॉमस अक्वायनस यांनी आशेचा फार बारकाईने विचार केला. ते म्हणतात की ज्या गोष्टीची आपण आशा धरतो तिच्या ठिकाणी चार लक्षणे असतात. ती गोष्ट चांगली असते. ती अजून हाती आलेली नसते. ती मिळवणे कठीण असते. आणि ती मिळणे शक्य असते.

आपल्या धानाच्या बांधीत उभे राहून हे समजून घेऊ. धान चांगले आहे, त्यावर घर चालते. ते आज हातात नाही, पऱ्हे टाकल्यापासून मळणीपर्यंत काही महिने आहेत. ते कठीण आहे : पाऊस वेळेवर हवा, रोवणीला माणसे हवीत, तुडतुड्यापासून पीक वाचले पाहिजे. २०१७ साली तुडतुड्याने आपल्या भागात काय केले ते तुम्ही विसरला नसाल. तरीही ते शक्य आहे, म्हणून तर आपण दर वर्षी चिखलात उतरतो. यातले 'कठीण' काढून टाकले तर उरते ती नुसती इच्छा. 'शक्य' काढून टाकले तर उरते ती निराशा.

म्हणजे अडचण हा आशेचाच एक भाग आहे. जिथे काही कठीण नाही तिथे आशेची गरजच नाही. आपल्याला वाटते की अडचण आली, आता आशा संपली. संत थॉमस सांगतात की अडचण आली, आता आशेचे काम सुरू झाले.

पण मग एखादी गोष्ट खरोखरच अशक्य झाली तर? वयाची अट संपली. लग्न मोडले. जमीन विकली गेली. तिथे काय? इथे ख्रिस्ती आशा आणि साधी आशा यांचा रस्ता वेगळा होतो. ख्रिस्ती आशेचे शेवटचे लक्ष्य कोणतीही नोकरी, जमीन किंवा यश नाही. तिचे लक्ष्य स्वतः देव आहे आणि तिचा आधारही देवच आहे. बाकीच्या चांगल्या गोष्टी आपण जरूर मागाव्यात, पण त्या या मोठ्या आशेच्या खाली येतात. लहान आशा मोडते तेव्हा खूप दुखते. ते दुखणे खोटे नाही. पण मोठी आशा तिच्याबरोबर मोडलीच पाहिजे असे नाही.

या सद्‌गुणाविरुद्ध दोन पापे आहेत असेही संत थॉमस सांगतात. एक निराशा : देव काही करू शकणार नाही, किंवा माझ्यासाठी करणार नाही, असे ठरवून टाकणे. दुसरे म्हणजे उद्धट भरवसा : देवाने हे केलेच पाहिजे, माझ्या मनासारखे आणि माझ्या वेळेत, असे गृहीत धरणे. गंमत अशी की ही दोन्ही पापे एकाच घरात राहतात. काल ज्याने देवाला तारीख नेमून दिली होती, तोच आज देवावर रुसून बसतो.

२. अम्माऊसची वाट

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस गावाकडे चालले आहेत. येशूला क्रुसावर मारून तिसरा दिवस आहे. एक अनोळखी वाटसरू त्यांना गाठतो आणि कशाविषयी बोलता असे विचारतो. ते दोघे थांबतात. त्यांचे चेहरे उतरलेले आहेत. ते येशूविषयी सर्व काही सांगतात आणि म्हणतात की इस्राएलची सुटका करणारा तोच, अशी त्यांची आशा होती (२४:२१).

'होती' या शब्दाकडे लक्ष द्या. त्यांच्या तोंडी आशा आहे, पण ती भूतकाळात गेली आहे. आपल्या घरांमध्येही हे वाक्य आपण ऐकतो. पोरगा इंजिनिअर होईल असे वाटले होते. पोरगी सुखात राहील असे वाटले होते. दारू सुटेल असे वाटले होते.

आता येशूने काय केले ते क्रमाने पाहा. प्रथम तो त्यांच्याबरोबर चालला. तेही यरुशलेमपासून दूर जाणाऱ्या, म्हणजे चुकीच्या दिशेच्या वाटेवर. नंतर त्याने प्रश्न विचारला. मग त्यांचे सगळे बोलणे ऐकून घेतले. जी घटना ते सांगत होते ती त्याच्याच अंगावर घडली होती, तरी त्याने त्यांना मध्येच थांबवले नाही. त्यानंतर त्याने शास्त्र उलगडून दाखवले, आणि शेवटी त्यांच्या घरी बसून भाकर मोडली.

चालणे, विचारणे, ऐकणे, आणि मग शिकवणे. मी त्या रविवारी काय केले? चाललो नाही, विचारले नाही, ऐकले नाही. एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारली. आपल्यापैकी पुष्कळ जण हेच करतात. दुःखी माणसाच्या घरी जातो आणि चहा येण्याआधी उपदेश करतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. येशूने त्या दोघांना त्यांची जुनी आशा परत दिली नाही. त्यांना रोमी सत्तेपासून सुटका हवी होती. ती मिळाली नाही. मिळाला तो पुनरुत्थित प्रभू. त्यांच्या आशेपेक्षा ते फार मोठे होते, पण त्यांच्या आशेसारखे नव्हते. म्हणूनच तर त्यांनी त्याला वाटेत ओळखले नाही.

३. सत्तर वर्षांचे पत्र

यिर्मयाच्या पुस्तकातील एक वचन आपल्याकडे फार आवडीचे आहे. कॅलेंडरवर असते, लग्नाच्या कार्डावर असते, परीक्षेच्या आधी मुलांना व्हॉट्सअ‍ॅपवर येते. देवाच्या मनातले बेत आपल्या हिताचे आहेत आणि तो आपल्याला भविष्य व आशा देतो, अशा अर्थाचे ते वचन आहे (२९:११). वचन खरे आहे. पण आपण त्याच्या अलीकडच्या ओळी वाचत नाही.

ते वचन एका पत्रातले आहे. इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेममधील पुष्कळ लोकांना धरून नेले होते. घरदार, शेती, मंदिर, सगळे मागे राहिले. त्या वेळी हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात उभे राहून सांगितले की दोन वर्षांत सारे परत येईल. लोकांना ते गोड वाटले असणार. पण देवाने त्याला पाठवलेच नव्हते (यिर्मया २८). यिर्मयाने मात्र बाबेलमधल्या लोकांना पत्र लिहून सत्तर वर्षे सांगितली. सत्तर वर्षे म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परत येणार नव्हते. ते तिथेच मरणार होते.

मग त्यांनी काय करायचे? यिर्मया सांगतो : घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या परक्या शहरात तुम्हाला नेले आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा (२९:५-७). म्हणजे आजच्या जागी, आजचे काम. आपल्याला नको असलेल्या गावातही देवाने दिलेले काम असते. हनन्याची आशा लोकांना हात बांधून वाट पाहायला लावत होती. यिर्मयाची आशा त्यांच्या हातात कुदळ देते.

आपल्या जिल्ह्यात हे समजायला दूर जायला नको. गावोगावचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आपण रोज पाहतो. कोहळी समाजातील जाणकारांनी आणि त्यांच्याबरोबर राबलेल्या कष्टकऱ्यांनी पिढ्यांपूर्वी ते बांधले. पाळ घालणाऱ्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. पण त्यांनी अडवलेल्या पाण्यावर आजही धान पिकते.

मी त्या मुलाला जे उत्तर दिले ते हनन्याचे होते, हे मला नंतर कळले.

४. वसईचा एक मुलगा

आता आपल्याच महाराष्ट्रातील एका संताकडे येऊ. संत गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले घोषित संत. वसई धर्मप्रांताचे ते आश्रयदाते आहेत. आपल्याकडे विदर्भात त्यांची ओळख कमी आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

गोन्सालो यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वसई तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. वडील पोर्तुगीज, आई इथली. येशूसंघाच्या फादरांकडे ते शिकले, आणि साधारण पंधरा वर्षांचे असताना त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथे जपानी भाषा इतकी चांगली शिकले की लोकांना धर्मशिक्षण देण्याचे काम त्यांच्याकडे आले. सुमारे आठ वर्षे त्यांनी ते मन लावून केले.

त्यांच्या मनात एकच इच्छा होती : येशूसंघात आपल्याला प्रवेश मिळावा. ती इच्छा पूर्ण झाली नाही. ज्या घरात वाढले, ज्यांच्यासाठी तारुण्याची वर्षे दिली, त्यांनी आपल्याला आपले म्हणून घेतले नाही, असे त्यांना वाटले असेल तर नवल नाही. ते निराश होऊन तिथून बाहेर पडले.

मग त्यांनी काय केले? व्यापार! पूर्वेकडील बंदरांमध्ये त्यांनी धंदा सुरू केला आणि तो चांगला चालला. इथे घाई करू नका. ही व्यापाराची वर्षे म्हणजे 'वाया गेलेली वर्षे' असे आपण सहज म्हणू. पण माणूस मोडला की लगेच उठून संत होत नाही. त्याला पोट भरावे लागते. दिवस ढकलावे लागतात. देव या साध्या वर्षांमध्येही माणसाला सोडत नाही.

व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपिन्समध्ये मनिलाला गेले. तिथे त्यांची फ्रान्सिस्कन व्रतस्थांशी गाठ पडली. १५८७ च्या सुमारास, वयाच्या तिशीत, त्यांनी धंदा सोडला आणि धर्मबंधू म्हणून त्या संघात प्रवेश केला. ते फादर झाले नाहीत. शेवटपर्यंत ब्रदरच राहिले.

पुढे १५९३ मध्ये मनिलाच्या गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्टिस्टा यांना दूत म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे पाठवले. हिदेयोशीने १५८७ मध्येच मिशनरींना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. अशा माणसासमोर बोलायचे तर भाषा आणि तिथली रीतभात जाणणारा कोणी हवा. ते दोन्ही येणारा एक ब्रदर संघात होताच. ज्या भाषेसाठी गोन्सालो यांनी आठ वर्षे घालवली आणि ज्या कामातून ते निराश होऊन निघाले, त्याच भाषेमुळे ते पुन्हा जपानला गेले, या वेळी दुभाषी म्हणून. क्योटोमध्ये या फ्रान्सिस्कनांनी चर्च उभारले आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने चालवले.

रोवणीच्या वेळी पऱ्हे उपटतात, जुडी बांधतात आणि दुसऱ्या बांधीत लावतात. पहिले काही दिवस ती रोपे पिवळी पडून मान टाकतात. ज्याला शेती ठाऊक नाही त्याला वाटेल की मेली. शेतकऱ्याला ठाऊक असते की आता ती मूळ धरत आहेत.

पण इथे गोष्ट संपवली तर मी पुन्हा तीच चूक करीन. एक संघ नाही तर दुसरा संघ, सगळे चांगले झाले, असे हे नाही. १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. त्यावरचा माल जप्त झाला, संशय वाढला, आणि हिदेयोशीने क्योटो व ओसाका येथील फ्रान्सिस्कन आणि त्यांच्या सोबत्यांना धरण्याचा हुकूम दिला. चोवीस जणांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांना गावातून फिरवले. मग भर थंडीत सुमारे महिनाभर नागासाकीपर्यंत नेले. वाटेत आणखी दोघे त्यांच्यात सामील झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर या सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारले. त्यांत स्वयंपाकी होता, सुतार होता, वैद्य होता. सर्वांत लहान मुलगा लुईस इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता. गोन्सालो तेव्हा चाळिशीच्या आसपास होते.

आणि एक गोष्ट. त्याच ओळीत पावलो मिकी आणि आणखी दोघे जपानी होते, येशूसंघाचे. ज्या संघाचे सभासद होणे गोन्सालो यांच्या नशिबी आले नाही, त्या संघाचे तिघे त्यांच्याबरोबर, त्याच दिवशी, त्याच टेकडीवर ख्रिस्तासाठी मेले. नकाराची कटुता त्या टेकडीवर कुठे उरली असेल? ज्यांनी आपल्याला घेतले नाही त्यांचा द्वेष करीत बसायचे, की त्याच प्रभूसाठी आपल्या जागेवरून काम करायचे, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांपुढे असतो. भावाभावांत, समितीत, शाळेत, कधी चर्चमध्येसुद्धा.

जगाच्या हिशेबाने ते मिशन फसले. १६१४ मध्ये तर साऱ्या जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. अडीचशे वर्षे तिथे उघड चर्च नव्हते, धर्मगुरू नव्हते. मग १८६५ मध्ये, नागासाकीच्या औरा येथे याच सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने बांधलेल्या नव्या चर्चमध्ये १७ मार्चला काही गावकरी आले. त्यांनी फादर पेतिजाँ यांना हळूच सांगितले की आमचीही श्रद्धा तुमचीच आहे. आई-वडिलांनी मुलांना, मुलांनी नातवंडांना, लपूनछपून स्नानसंस्कार आणि प्रार्थना शिकवत ती श्रद्धा टिकवली होती. त्याच्या तीनच वर्षे आधी, ८ जून १८६२ रोजी, पोप नववे पायस यांनी या सव्वीस जणांना संत म्हणून घोषित केले होते. गोन्सालो यांनी यातले काहीही पाहिले नाही. त्यांनी आपली पाळ घातली आणि ते गेले.

५. देवाने ऐकले नाही का?

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. देवाजवळ एवढे मागितले, ऐकले कुठे?

हा प्रश्न पाप नाही. स्तोत्रसंहितेत असे प्रश्न पानोपानी आहेत. आणि प्रभू येशूनेही गेथशेमाने बागेत मागितले होते. दुःखाचा प्याला टळावा म्हणून त्याने पुन्हा पुन्हा प्रार्थना केली. प्याला टळला नाही. तरीही इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (५:७) म्हटले आहे की त्याची प्रार्थना ऐकण्यात आली. हे कसे? क्रूस तर आलाच. इथे ऐकणे म्हणजे मागितलेले देणे नव्हे. पित्याने त्याला सोडले नाही, आणि मृत्यूला शेवटचा शब्द बोलू दिला नाही. आपल्या विश्वासाचे सगळे सार या एका ओळीत आहे.

म्हणून मी आज त्या वडिलांना असे म्हणेन : देवाने तुमचे ऐकले. पण भरतीची यादी देव तयार करीत नाही. ती माणसे तयार करतात, जागा थोड्या असतात आणि उमेदवार हजारो. मुलाचे नाव न येणे ही देवाने दिलेली शिक्षा नाही. त्याने मुद्दाम तुमच्या मुलाला पाडले आणि दुसऱ्याच्या मुलाला घेतले, असेही मी म्हणणार नाही. संत पौल रोमकरांस पत्रात (८:२८) सांगतो ते एवढेच की देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी देव सर्व गोष्टींतून भले घडवून आणतो. सर्व गोष्टी भल्या असतात असे तो म्हणत नाही. तीन वर्षे पहाटे उठण्याची सवय, मजबूत झालेले शरीर, वाचलेली पुस्तके, मित्रांबरोबर घाम गाळणे, यातले काही देव वाया जाऊ देणार नाही. ते कुठे उपयोगी पडेल हे मला ठाऊक नाही. गोन्सालो यांनाही जपानी शिकताना ते ठाऊक नव्हते.

६. मग आपण काय करावे?

पहिले : दुःखाला दुःख म्हणू द्या. घरात मूल नापास झाले, निवड झाली नाही, तर पहिल्या दिवशी उपदेश नको, टोमणा तर नकोच. शेजारच्याच्या मुलाचे उदाहरण देऊ नका. त्याच्याजवळ बसा. जेवायला वाढा.

दुसरे : लहान काम हाती घ्या. निराश माणसाला मोठा बेत पेलत नाही. उद्याचे एक काम पेलते. शेताचा बांध घालणे, धाकट्यांचा अभ्यास घेणे, आजारी माणसाला दवाखान्यात नेणे. यिर्मयाचे मळे असेच लावले जातात.

तिसरे : आशेच्या नावाने फसू नका. पैसे द्या, नोकरी लावून देतो, असे सांगणारे दलाल निराश माणसालाच शोधत असतात. एक चमत्कार नक्की विकत मिळेल, असे सांगणाऱ्यांपासूनही सावध राहा. हे सारे हनन्याचे वंशज आहेत. आणि बाटली तर दोन वर्षांचेही वचन देत नाही, फक्त एका रात्रीचे देते.

चौथे : कोणी जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका. मला कोणत्याही वेळी उठवा. डॉक्टरांची मदत घेण्यात विश्वासाची कमतरता नाही. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. हा क्रमांक घरात लिहून ठेवा.

पाचवे : मिस्सेला या, रागावलेले असाल तरी या. अम्माऊसच्या शिष्यांनी भाकर मोडताना प्रभूला ओळखले. त्याआधी ते आनंदी झाले नव्हते. आनंद झाल्यावर वेदीजवळ यावे असा नियम नाही.

मागच्या आठवड्यात मी त्या मुलाच्या घरी गेलो. तो बांधीत होता, म्हणून तिकडे गेलो. आम्ही पाळीवर बसलो. मी त्याची माफी मागितली आणि गप्प राहिलो. बऱ्याच वेळाने तो बोलू लागला. आपण नापास झालो यापेक्षा वडिलांचे कर्ज कसे फिटेल याची त्याला जास्त काळजी होती. मला हे इतके दिवस ठाऊक नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते. त्याला उत्तर देता आले नाही. गावातली पाच-सहा मुले सध्या त्याच्याकडून धावण्याचा सराव करून घेतात, हे त्याने सहज बोलता बोलता सांगितले. तो अजून मिस्सेला आलेला नाही. येईल तेव्हा त्याला कोणी, इतके दिवस कुठे होतास, असे विचारू नका. बाकावर सरकून जागा करून द्या.

लहान समूहात चर्चेसाठी

१. 'वाटले होते' असे म्हणावे लागले अशी आपल्या आयुष्यातील कोणती गोष्ट आहे? ती आपण प्रभूला मोकळेपणाने सांगितली आहे का?

२. हनन्याची आशा आणि यिर्मयाची आशा यांत काय फरक आहे? आपण दुःखी माणसाला यांपैकी कोणती देतो?

३. आपल्या वाडीत, मोहल्ल्यात आज कोणाबरोबर चालण्याची गरज आहे? या आठवड्यात त्यांच्याकडे कोण जाईल?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू उतरलेल्या चेहऱ्यांच्या शिष्यांबरोबर चाललास. आमच्याही घरांत ज्यांची आशा भूतकाळात गेली आहे त्यांच्याबरोबर चाल. आम्हाला घाईच्या उत्तरांपासून वाचव. जे मिळाले नाही त्याचे दुःख तुझ्याजवळ ठेवायला आणि जे हाती आहे ते काम करायला आम्हाला बळ दे. संत गोन्सालो गार्सिया यांच्या मध्यस्थीने आमच्या तरुण मुलामुलींना सांभाळ. आमेन.

पवित्र मरिया, दुःखितांचे सांत्वन करणारी माते, आम्हांसाठी विनंती कर.

आपला,
धर्मगुरू